जुना लेथ घरी आणायचा का? पाहणीचा क्रम, मोजमापं आणि नेहमीच्या चुका

घरच्या वर्कशॉपसाठी जुना लेथ (धातूचा तुकडा फिरवत टूलने कापणारं मशीन) घेताना बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी मशीन आवडतं, मग भाव ठरतो, बयाणा जातो, आणि मोटर थ्री-फेज आहे, बोळातून टेम्पो येत नाही, चेंज गिअरचा (आटे पाडताना बदलायच्या गिअरचा) संच गायब आहे हे त्यानंतर कळतं. म्हणून इथे क्रमावर भर दिला आहे. पहिले चार टप्पे घरी बसून, मशीन न पाहता करायचे. त्यातल्या कुठल्याही टप्प्यावर उत्तर ‘जमत नाही’ असं आलं, तर पुढे जाऊ नका.

खालची मापं साडेचार ते सहा फुटी बेडच्या (ज्यावर बाकीचे भाग बसतात आणि सरकतात तो लांब पाया) सेंटर लेथसाठी आहेत. शेपर किंवा मिलिंग घेणाऱ्यांना पहिले पाच टप्पे जवळपास तसेच लागू पडतात.

टप्पा १ : जॉब कागदावर लिहा

पुढच्या दोन वर्षांत खरोखर करायचे दहा जॉब (मशीनवर करायच्या वस्तू) लिहा. प्रत्येकापुढे चार आकडे हवेत: सर्वांत मोठा व्यास, लांबी, आटे मिमीचे की इंची, आणि स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या पोकळ दांड्याच्या) भोकातून आरपार जाणाऱ्या बारचा व्यास. हा शेवटचा आकडा बहुतेक जण विसरतात आणि मग दोन फुटी शाफ्ट तोंडाशी अडकतो.

आकारमान वाचताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते.

आपल्याकडे लेथ बेडच्या लांबीवर विकला जातो. सहा फुटी लेथ म्हणजे सहा फुटांचा जॉब नव्हे. हेडस्टॉक (डावीकडचा, स्पिंडलचा भाग) आणि टेलस्टॉकची (उजवीकडच्या सरकत्या आधाराची) जागा वजा केली की दोन सेंटरमध्ये साधारण तीन फूट, फार तर थोडं जास्त उरतं. साडेचार फुटीत जेमतेम दोन फूट.

दुसरी गोष्ट सेंटर हाइटची, म्हणजे बेडपासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतच्या उंचीची. साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिमी सेंटर हाइट असली तर बेडवर ३३० मिमीचा जॉब फिरेल. पण लांब जॉब क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या) वरून जायला हवा आणि तिथे बऱ्याच मशीनवर २०० मिमीसुद्धा मिळत नाहीत. विक्रेत्याला हे दोन्ही आकडे वेगवेगळे विचारा.

घरासाठी मोठं मशीन घ्यायचा मोह टाळा. एचएमटीचा एनएच २२ उत्तम लेथ आहे, पण त्याचं वजन दीड टनाच्या वर जातं आणि मोटर मोठी असते. पुढचे दोन टप्पे वाचल्यावर या दोन गोष्टी घरात किती नडतात ते लक्षात येईल.

टप्पा २ : जागा आणि जमीन

सहा फुटी मशीनची एकूण लांबी सात फुटांपर्यंत जाते. त्याला किमान १० फूट बाय ६ फूट मोकळी जागा द्या. डाव्या टोकाला बार बाहेर येतो आणि गिअरचं झाकण उघडावं लागतं, म्हणून तिथे दोन फूट सोडा. मागच्या बाजूला दीड फूट. भिंतीला चिकटवलेल्या लेथच्या मोटरकडे नंतर कोणी बघत नाही, आणि मागे साचलेला चुरा गंज धरतो.

वजनाचा ढोबळ अंदाज असा: हलका साडेचार फुटी लेथ ३५० ते ५०० किलो, मध्यम सहा फुटी ८०० ते १००० किलो.

- तळमजल्यावर सलग काँक्रीट असेल तर अडचण नाही. चार इंच ही किमान जाडी, सहा इंच असेल तर निश्चिंत.
- मुरुमावर बसवलेली शहाबादी फरशी चालत नाही. मशीन बसल्यावर एक पाय हळूहळू खचतो, बेडला पीळ पडतो आणि जॉब टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) होऊ लागतो. पायांखालची फरशी काढून काँक्रीट भरून घ्या.
- वरचा मजला विसरा. घराच्या स्लॅबसाठी धरला जाणारा चल भार चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो असतो. ९०० किलोचा लेथ साधारण १.१ चौरस मीटरवर उभा राहतो. म्हणजे चौरस मीटरला ८०० किलोंच्या वर.

तपासा: रस्त्यापासून मशीनच्या जागेपर्यंत टेप घेऊन चाला. गेट, वळण, उंबरठा, पायरी, वरून जाणाऱ्या विजेच्या तारा. हायड्रा क्रेन कुठपर्यंत येईल तिथे खूण करा. त्यापुढचं प्रत्येक फूट पाइपवर सरकवायचं आहे.

कोकणात, गोव्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये मशीन ठेवणार असाल, तर पावसाळ्याचे चार महिने गृहीत धरा. गळकं छप्पर आधी दुरुस्त करा. उघडा बेड एका रात्रीत तांबूस होतो.

टप्पा ३ : वीज

सगळ्यात जास्त चुका या टप्प्यावर होतात. जुन्या लेथची मोटर बहुधा थ्री-फेज ४१५ व्होल्टची असते आणि घरात सिंगल फेज असतो. तीन रस्ते आहेत.

थ्री-फेज जोडणी घेणं. महावितरणच्या कार्यालयात जोडणीचा खर्च आणि मंजूर भार आधी विचारा. पैसे घेऊन बाहेरचे जॉब करणार असाल, तर दर कुठल्या वर्गाचा लागेल तेही त्याच वेळी विचारा.

सिंगल फेज मोटर बसवणं. सोपं आहे, पण मोटर सुरू होताना दिवे मिचकतात, आणि फिरत्या मोटरला लगेच उलटं फिरवता येत नाही. आटे पाडताना हे जाणवतं.

व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) बसवणं. घरासाठी आम्ही हाच रस्ता सुचवतो, पण अटी समजून घ्या. सिंगल फेज २३० व्होल्ट घेणारा व्हीएफडी बाहेर थ्री-फेज देतो, तोही २३० व्होल्टचाच. म्हणून मोटर २३० व्होल्टला डेल्टामध्ये जोडता यायला हवी (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडण्याच्या दोन पद्धती). आपल्याकडच्या २ ते ३ एचपीपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये असतात, त्यांची जोडणी बदलता येते. ५ एचपी आणि त्यावरच्या मोटरी ४१५ व्होल्टलाच डेल्टामध्ये असतात. त्या रिवाइंडिंगशिवाय २३० वर पूर्ण ताकद देणार नाहीत.

शिवाय अनेक लहान मोटरींच्या पेटीत सहाऐवजी तीनच टोकं येतात, कारण स्टारचा सांधा आत वाइंडिंगमध्येच बांधलेला असतो. असं असेल तर वाइंडिंगवाल्याकडून तो सांधा उघडून सहा टोकं बाहेर काढून घ्यावी लागतात. पाहणीच्या वेळी मोटरच्या नेमप्लेटचा आणि उघड्या टर्मिनल पेटीचा फोटो घ्याच.

सावधान:
- जुन्या लेथवर फॉरवर्ड-रिव्हर्सचा ड्रम स्विच असतो. तो व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये ठेवू नका. चालू असताना तो फिरवला तर व्हीएफडी जळू शकतो. व्हीएफडीच्या तारा थेट मोटरला न्या आणि ड्रम स्विच व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा.
- २ एचपीचा व्हीएफडी सिंगल फेजमधून १४ ते १६ अँपिअर ओढू शकतो. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर तो चालवू नका. वेगळा एमसीबी आणि ४ चौरस मिमीची वेगळी वायर हवी.
- चक (जॉब पकडणारा भाग) आट्यांवर बसणारा असेल, तर व्हीएफडीमधला थांबण्याचा वेळ फार कमी ठेवू नका. स्पिंडल झटकन थांबला की जड चक स्वतःच्या वेगाने आट्यांवरून सुटतो.
- जुन्या मशीनला अर्थिंग आहे असं मानून चालू नका. बॉडीला आणि मोटरला नवीन अर्थिंग द्या.

टप्पा ४ : खर्चाचा कागद

मशीनचा भाव हा खर्चाचा एक भाग झाला. कागदावर हे रकाने आखा: मशीन, बिल आणि जीएसटी, दोन्ही टोकांना क्रेन, टेम्पो, जमिनीचं काम, वीज, हरवलेले भाग, टूलिंग, दुरुस्ती. टूलिंगमध्ये फोर-जॉ चक, ड्रिल चक, फिरतं सेंटर, टूल होल्डर, टूल बिट, मायक्रोमीटर आणि डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) येतात. चांगल्या चकाचा भाव आधी बाजारात विचारून या. हरवलेल्या चकाची खरी किंमत त्याशिवाय उमगत नाही.

आमचा ठोकताळा असा की हातातल्या एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त पैसे नुसत्या मशीनवर जात असतील, तर थांबावं. मशीन दारात उभं आणि चालवायला पैसे नाहीत, ही अवस्था फार जणांची होते.

भाव करताना खालची मर्यादा ओळखून असा. मशीनचं वजन गुणिले बिडाचा त्या दिवसाचा भंगार भाव, एवढे पैसे विक्रेत्याला कुठेही मिळतात, त्याखाली तो येणार नाही. तुम्ही त्याच्यावर जे देता ते बेड, स्पिंडल आणि सोबतच्या सामानाचे. हे तीन चांगले नसतील, तर वरचे पैसे देण्याचं कारण नाही.

टप्पा ५ : कुठलं मशीन, आणि सोबत काय न्यायचं

भोसरी, चिंचवड, अंबड, सातपूर, वाळूज, कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या पट्ट्यांत जुनी मशीन नेहमी निघतात. एचएमटी, हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचे टर्नमास्टर आणि एंटरप्राइज, आणि राजकोट, बटाला, लुधियानाकडचे लेथ जास्त दिसतात. नावापेक्षा मशीन कुठे चाललं ते विचारा.

- टूलरूम किंवा मेंटेनन्स विभागातलं मशीन बहुधा सगळ्यात बरं. काम कमी आणि वेगवेगळ्या लांबीचं, म्हणून झीज सारखी.
- उत्पादनातलं मशीन: वर्षानुवर्षं एकच जॉब, त्यामुळे चकजवळ एक फूटभर बेड खोल घासलेला, बाकी कोरा.
- बिडाचे जॉब केलेलं किंवा टूलपोस्टवर ग्राइंडर बांधून चालवलेलं मशीन: बारीक चुरा तेलात मिसळून बेड पॉलिश पेपरसारखा घासतो. फार काळजीने पाहा.
- शिकवण्याच्या संस्थेतलं मशीन: बेड कमी झिजलेला, पण लिव्हर मोडलेले, गिअरचे दात तुटलेले, कंपाउंडवर (क्रॉस स्लाइडवरच्या, टूल धरणाऱ्या स्लाइडवर) चक आपटल्याच्या खुणा.

एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावासारख्या लिलावात ‘जसं आहे, जिथे आहे’ या अटीवर मशीन विकलं जातं. तिथे चालवून पाहायला सहसा मिळत नाही. टप्पा ७ करता येणार नसेल तर बोली भंगार भावाच्या आसपासच ठेवा.

पिशवीत हे सामान घ्या: ०.०१ मिमीचा डायल आणि मॅग्नेटिक स्टँड, मायक्रोमीटर, फीलर गेज, चांगली स्पिरिट लेव्हल, टॉर्च, चिंध्या, थोडं रॉकेल किंवा डिझेल, ४० मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा फूटभर बार, धार लावलेला एचएसएस (हाय स्पीड स्टीलचा) टूल बिट. मोजणीचं सामान उसनं आणायला लाजू नका.

निघण्याआधी फोनवर सांगा: ‘मशीन जोडलेलंच ठेवा, पण मी येईपर्यंत सुरू करू नका.’ गरम झालेल्या मशीनचा आवाज बदलतो. थंड मशीन सुरू होताना ऐकायचं आहे.

टप्पा ६ : मशीन बंद असतानाची पाहणी

मेन स्विच बंद करा. रॉकेलच्या चिंधीने बेड, चकची मागची बाजू आणि सांधे पुसा. ताज्या रंगावर भाळू नका, नव्या रंगाखाली वेल्डिंग लपतं.

१. ओतकाम. हेडस्टॉकचे कोपरे, बेडचे पाय, टेलस्टॉकची पकड, एप्रन (टूलच्या भागापुढे लटकणारी गिअरची पेटी), कंपाउंडची टी-खाच. टॉर्च तिरपी धरली की भेग दिसते. टी-खाचेचा तुटलेला ओठ नवा कंपाउंड मिळाला तर सुधारतो. हेडस्टॉक किंवा बेडला भेग दिसली तर तिथूनच परत फिरा. गॅप बेड (चकजवळ काढता येणारा तुकडा असलेला बेड) असेल तर गॅपचा तुकडा जागेवर आहे का आणि त्याच्या सांध्यावरून नख अडखळतं का, ते पाहा.

२. बेड. इथे घाई करू नका, कारण बेडची दुरुस्ती घरात होत नाही.

सॅडल (बेडवर सरकणारा, क्रॉस स्लाइड पेलणारा भाग) चकजवळ आणा. सॅडल लॉक हळूहळू आवळा, हाताला जरासा अडसर जाणवेल इतकाच. आता सॅडल टेलस्टॉककडे न्या. सगळीकडे सारखा चालला तर उत्तम. मध्येच जड होऊन अडकला, तर चकजवळचा बेड घासलेला आहे, कारण तिथला सैलपणा धरून तुम्ही लॉक बसवला होता.

मग नख फिरवा. हेडस्टॉकला लागून थोडा बेड असा असतो, की तिथे सॅडल पोहोचतच नाही. तिथून व्हीवर (बेडच्या उलट्या V आकाराच्या कडेवर) नख उजवीकडे सरकवा. कोऱ्या आणि घासलेल्या भागाच्या मध्ये पायरी लागली की झीज कळते. किती ते डायल सांगेल. टेलस्टॉकची वाट (बेडवरची सरकण्याची पट्टी) वेगळी असेल तर ती कमी घासलेली असते. टेलस्टॉकच्या बुडावर स्टँड बसवा, डायलचं टोक सॅडलच्या वाटेवर ठेवा, आणि टेलस्टॉक टोकापासून टोकापर्यंत सरकवा.

आमचे आकडे: ०.०५ मिमीपर्यंत खुशाल घ्या. ०.१ च्या आसपास भाव पाडा. ०.२ च्या वर सोडा, नाहीतर बेड ग्राइंडिंगचा खर्च धरा.

झिजेचा परिणाम जॉबवर कसा होतो? पुढची आणि मागची वाट दोन्ही सारख्या ०.१ ने खाली गेल्या, तर ४० मिमीच्या जॉबवर व्यासात काही कळतही नाही, कारण टूल जॉबच्या कडेने फक्त खाली उतरतं. पण चुरा जास्त पुढच्या वाटेवर पडतो. ती एकटी ०.१ ने खाली गेली की सॅडल पुढे कलतो. वाटांमधलं अंतर २५० मिमी आणि सेंटर हाइट १६५ मिमी धरली, तर टूलचं टोक जॉबपासून सुमारे ०.०६५ ने दूर सरकतं आणि व्यास चकजवळ ०.१३ मिमीने जाड राहतो. म्हणून पुढच्या वाटेकडे दुप्पट लक्ष द्या.

बेड ग्राइंड करायचा ठरवलात, तर सॅडल खाली बसतो आणि एप्रन व लीड स्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) एका रेषेत राहत नाहीत. सॅडलखाली थर चढवून उंची भरून काढावी लागते. नुसत्या ग्राइंडिंगचा भाव ऐकून हिशेब मांडू नका.

३. स्पिंडल. चक काढायला सांगा. नकार मिळाला तर तीही माहितीच आहे. स्पिंडलच्या तोंडातला टेपर (निमुळतं भोक) पुसून डायलचं टोक आत लावा आणि स्पिंडल हाताने फिरवा. ०.०१ उत्कृष्ट, ०.०२ घरासाठी पुरेसं, ०.०५ आला तर बेअरिंग किंवा वाकलेला स्पिंडल यांतलं काहीतरी आहे.

चक परत चढवून त्यात बार पक्का धरा. स्टँड बेडवर, डायलचं टोक चकच्या बॉडीवर, शक्य तितकं हेडस्टॉकजवळ. बार वीसेक किलो जोराने वर उचला. काटा थोडा सरकून सोडल्यावर जागेवर आला, तर तो लोखंडाचा लवचीकपणा. जोर लावताच काटा टक्कन उडी मारत असेल, तर ती बेअरिंगमधली मोकळीक आहे. टेपर रोलर असतील तर बहुधा आवळून भागतं. गनमेटलच्या बुशात तेलासाठी थोडी मोकळीक हवीच, पण ०.०५ च्या वर गेली की बुश संपत आलेले असतात.

नेहमीची चूक: थ्री-जॉ चकमध्ये बार धरून रनआउट (फिरताना होणारी डगडग) मोजणं आणि ०.१ दिसला म्हणून मशीन नाकारणं. तो दोष चकचा असतो, आणि चक बदलता येतो.

४. गिअर. डावीकडचं झाकण उघडा. हाताने फिरवत प्रत्येक दात पाहा. बॅक गिअरचे (वेग कमी करणाऱ्या गिअरचे) दात हमखास तुटलेले असतात, कारण अडकलेला चक सोडवताना लोक बॅक गिअर आणि सरळ ड्राइव्ह एकत्र गुंतवून स्पिंडल जाम करतात आणि चकला हिसका देतात. ऑल गिअर हेडस्टॉक (पट्ट्याऐवजी गिअरने वेग बदलणारा) असेल तर वरचं झाकण काढून टॉर्चने बघा. आत घट्ट ग्रीस किंवा भुसा दिसला, तर आवाज दाबण्यासाठीच घातलेला आहे.

चेंज गिअर मोजा आणि दात लिहून घ्या. लीड स्क्रू इंची असेल, बऱ्याचदा इंचाला ४ आटे असतात, तर अचूक मिमी आट्यांसाठी १२७ दातांचं गिअर लागतं, कारण २५.४ गुणिले ५ म्हणजे १२७. ते नसेल तर भावातून वजा करा.

५. स्लाइड आणि स्क्रू. क्रॉस स्लाइडचं चाक एका दिशेने फिरवून थांबा, मग उलट फिरवत स्लाइड हलेपर्यंत रेघा मोजा. हे मधल्या भागात आणि टोकाला, दोन्हीकडे करा. दोन्ही ठिकाणी बॅकलॅश (हा सैलपणा) सारखा असेल तर नट गेला आहे, टर्नरकडून गनमेटलचा नवा होतो. मध्ये जास्त आणि टोकाला कमी असेल तर स्क्रूही घासलेला आहे. ०.३ मिमीपर्यंत बॅकलॅश घेऊन उत्तम काम करता येतं, फक्त टूल नेहमी एकाच दिशेने आत घ्यायची सवय लावावी लागते.

लीड स्क्रूचे चकजवळचे आटे टेलस्टॉककडच्या आट्यांशी ताडून पाहा. घासलेला आटा पातळ आणि टोकदार दिसतो.

६. टेलस्टॉक. क्विल (टेलस्टॉकमधली आत-बाहेर होणारी नळी) बाहेर काढून हलवून पाहा. आतल्या टेपरमध्ये बोट घाला. ड्रिल आत फिरल्याने खोल चरे पडलेले असतील तर रीमर मारावा लागेल. टेलस्टॉकचं सेंटर खाली आलेलं असलं तर पत्रा घालून उचलता येतं, त्यावरून मशीन नाकारू नका.

टप्पा ७ : चालवून पाहणं

सावधान: हातमोजे घालू नका, बाह्या वर करा, चकची चावी बाहेर आहे याची खात्री करा. आट्यांचा चक असेल तर उलट दिशेने जोरात चालवू नका.

1. सर्वांत कमी वेगावर सुरू करा, मग एकेक पायरी चढा. प्रत्येक वेगावर दोन मिनिटं. एकसारखी घरघर चालते. प्रत्येक फेऱ्याला येणारा एक ‘टक’ म्हणजे तुटलेला दात. वेगाबरोबर चढणारी किंकाळी बेअरिंगची.
2. मधल्या वेगावर अर्धा तास सोडा. तोवर फीडच्या दोन्ही दिशा, क्रॉस फीड आणि हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा) वापरून पाहा. विक्रेत्याला घाई असेल तर चहा सांगा, पण अर्धा तास सोडू नका.
3. मशीन थांबवून हेडस्टॉकवर बेअरिंगच्या जागी हात ठेवा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग फार आवळलेलं आहे किंवा तेल पोहोचत नाही.
4. आता कट. बार चकमधून १५० मिमी बाहेर, टेलस्टॉक न लावता. मधला भाग खाली घ्या, दोन टोकांना दोन कॉलर सोडा, सुमारे १०० मिमी अंतरावर. टूल न हलवता दोन्हींवर ०.१ मिमीचा शेवटचा कट एकाच फीडने घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. फरक ०.०२ पर्यंत असेल तर छान.
5. फरक ०.०५ च्या वर आला, तर लेव्हल क्रॉस स्लाइडवर आडवी ठेवून सॅडल एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्या. बुडबुडा सरकला तर बेडला पीळ आहे किंवा तो घासला आहे. टप्पा ६ मध्ये बेड चांगला निघाला असेल तर हा पीळच, लेव्हल करून जाईल. तिथे झीज सापडली असेल तर लेव्हल करून सगळं जाणार नाही.
6. एक चकती फेस करा (तोंड सपाट कापा) आणि पट्टी आडवी धरा. मध्ये केसभर खोलगट चालेल. मध्ये फुगलेली चालत नाही.

टप्पा ८ : निर्णय

सोडून द्या: बेड किंवा हेडस्टॉकला भेग, ०.२ च्या वर बेडची झीज, स्पिंडल वाकलेला, चालवून दाखवायला नकार आणि भाव मात्र चालू मशीनचा.

भाव पाडून घ्या: बॅक गिअरचे दोन-तीन दात, घासलेले नट, चेंज गिअर अपुरे, चक नाही, मोटर ५ एचपीची, बेअरिंग बदलायचं. प्रत्येकाचा आकडा टप्पा ४ च्या कागदावर चढवा आणि तो कागद समोर ठेवूनच बोला.

रंग उडालेला, वरवरचा गंज, तुटकी हँडल, गळकं तेल, फाटलेला पट्टा, यांकडे दुर्लक्ष करा. बऱ्याचदा अशाच मशीनचा बेड कोरा असतो, आणि रंगवून चकाचक केलेल्या मशीनपुढे ते कमी पैशांत पडून राहतं.

ठरलं तर बयाण्याच्या पावतीवर मशीनचा नंबर आणि सोबतच्या सामानाची यादी लिहून घ्या: चक, जबडे, फेसप्लेट, स्टेडी (लांब जॉबचा आधार), चेंज गिअर दातांसह, चाव्या. सगळे सुटे भाग त्याच दिवशी घरी न्या. मशीन उचलायला जाईपर्यंत स्टेडी आणि गिअर हमखास ‘सापडत नाहीत’. बिल आणि ई-वे बिल कोण काढणार तेही तेव्हाच ठरवा.

टप्पा ९ : हलवणं

लेथचं बहुतेक वजन हेडस्टॉककडे आणि वरच्या भागात असतं, त्यामुळे तो पुढे किंवा मागे कलंडतो. चक काढा, तेल काढून टाका, सॅडल आणि टेलस्टॉक उजव्या टोकाला नेऊन लॉक करा. मग पट्टा बेडखालून, आडव्या फासळ्यांच्या जागी घ्या.

सावधान: पट्टा किंवा वायर रोप लीड स्क्रू आणि फीड रॉडवर टेकता कामा नये. एकदा वाकलेला लीड स्क्रू सरळ होत नाही. मध्ये लाकडाचे ठोकळे घाला. आधी दोन इंच उचला, तोल बघा, गरज पडली तर सॅडल सरकवा.

छोटा हत्ती पाऊण टनाचा आहे, ९०० किलोचा लेथ त्यात चढवू नका. पिकअप किंवा मोठा टेम्पो घ्या. पायांखाली जाड लाकूड ठेवून बोल्टने बांधा आणि बेड चारही बाजूंनी आवळा. पावसाळ्यात बेडला ग्रीस फासून वर ताडपत्री.

घरी उतरवल्यावर एक इंची ते दीड इंची पाइपवर सरकवा, पहारीने एका वेळी एकच टोक उचला. तीन माणसं पुरतात, पण सूचना एकानेच द्यायच्या. मशीन कलंडू लागलं तर धरायला जाऊ नका, बाजूला व्हा.

जागेवर आल्यावर फाउंडेशन बोल्ट लगेच आवळू नका. मीटरला ०.०२ मिमीची लेव्हल उसनी आणा, बेडच्या दोन्ही टोकांना आडवी ठेवा, पायांखाली पत्रे घालून बुडबुडा दोन्हीकडे सारखा करा, मग बोल्ट हलके आवळून पुन्हा पाहा. नवं तेल भरा, एक तास कमी वेगावर चालवा, आणि टप्पा ७ मधला दोन कॉलरचा कट परत घ्या. पंधरा दिवसांनी काँक्रीटवर मशीन बसतं, तेव्हा लेव्हल पुन्हा तपासा. पहिला पावसाळा संपल्यावर आणखी एकदा.